कायदे कौन्सिल आणि कार्यकारी मंडळ : मुंबई इलाख्यातील सत्तेच्या तोलाची प्रस्तावना

मुंबई इलाख्याचा कारभार दोन मंडळांच्या हाती होता. गव्हर्नर आणि त्याचे दोन-तीन सहकारी मिळून होणारे कार्यकारी मंडळ सारा बसवी, पोलिस ठेवी, जंगले राखी, नोकर नेमी आणि पैसा खर्च करी. कायदे कौन्सिल कायद्यांचे मसुदे चर्चेला घेई आणि संमत करी. एकाच्या हाती अंमल होता, दुसऱ्याच्या हाती शब्द. १८६२ ते १९३९ या पाऊणशे वर्षांत इलाख्याच्या राज्यव्यवस्थेत ज्या सुधारणा झाल्या, त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न होता : कौन्सिलात उच्चारलेला शब्द कार्यकारी मंडळाला कितपत बांधील? या प्रश्नाचे उत्तर दर काही वर्षांनी थोडे थोडे बदलत गेले. आज राज्याच्या विधानसभेत मंत्र्याला जाब विचारला जातो, बहुमत गेले की मंत्रिमंडळ पायउतार होते, आणि हे सारे स्वाभाविक वाटते. ते एका दिवसात मिळालेले नाही, आणि मागितल्यावाचूनही मिळालेले नाही.

या सुधारणांचा इतिहास बहुधा लंडन, कलकत्ता, सिमला आणि मुंबई येथील कागदपत्रांवरून लिहिला जातो. त्यांची खरी कसोटी मात्र तालुक्याच्या गावी लागली. त्या दृष्टीने कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, हे पाहण्याजोगे क्षेत्र आहे. पेणच्या बाजूला खारेपाट आणि मिठागरे, रोह्याच्या बाजूला भातशेती आणि डोंगरउतारावरची जंगले, जागोजाग खोती गावे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या ताब्यातली गावे, आणि अलिबागला कलेक्टर. महाडचे चवदार तळे, चिरनेरचे जंगल आणि शेतकरी संपाचे चरी ही तिन्ही ठिकाणे याच जिल्ह्यातली. कौन्सिलाच्या ठरावात किती बळ आहे, मंत्र्याच्या हाती किती सत्ता आहे आणि जबाबदार मंत्रिमंडळ कोणाला जबाबदार आहे, हे तीन प्रश्न या तीन ठिकाणी उघड्यावर आले.

कंपनी सरकारच्या काळात दोन मंडळे वेगळी नव्हती. मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल कारभारही करीत आणि ‘रेग्युलेशने’ काढून कायदेही करीत. १८२७ सालची एल्फिन्स्टनची संहिता याच अधिकारातून आली. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रास या इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला आणि तो सर्वस्वी गव्हर्नर जनरलकडे नेला. त्यानंतर मुंबईला एखादा कायदा हवा असेल तर तो कलकत्त्याहून करून घ्यावा लागे. १८५३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात प्रांतांचे अधिकारी सभासद म्हणून बसू लागले. या कौन्सिलाने लवकरच सरकारला प्रश्न विचारण्याचा आणि कारभाराची चौकशी करण्याचा पवित्रा घेतला. सभासद सारे सरकारी इंग्रज अधिकारीच होते. तरीही लंडनमधील राज्यकर्त्यांना हे रुचले नाही. कायदे करण्यासाठी बसवलेले मंडळ छोटी पार्लमेंट होऊ पाहते आहे, हा धोका त्यांनी ओळखला आणि पुढच्या कायद्यात त्याचा बंदोबस्त केला.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबई आणि मद्रास यांना कायदे करण्याचा अधिकार परत दिला. मुंबईच्या नव्या कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली भरली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ सरकारनियुक्त सभासद म्हणून तेथे बसले. या कौन्सिलाची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातून निघतो. कायद्याच्या दृष्टीने हे स्वतंत्र मंडळ नव्हतेच. गव्हर्नरचे कार्यकारी मंडळ, त्यात ॲडव्होकेट जनरल आणि चार ते आठ ‘जादा’ सभासद, एवढी भर घातली की त्याचे कायदे कौन्सिल होई. जादा सभासदांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असावेत असा नियम होता, पण सर्वांची नेमणूक गव्हर्नरच करी आणि मुदत दोन वर्षांची असे. अध्यक्षस्थानी गव्हर्नर स्वतः. ज्याच्या कारभाराला लगाम घालायचा, तोच सभा बोलावणारा, सभासद निवडणारा आणि सभा चालवणारा होता.

अधिकारही तितकेच आखडते होते. समोर असलेल्या विधेयकाखेरीज दुसरा विषय काढता येत नसे. प्रश्न विचारता येत नसत. अंदाजपत्रक सभेपुढे येत नसे. सरकारी महसुलाला धक्का लावणारे विधेयक गव्हर्नरच्या परवानगीवाचून मांडता येत नसे, आणि संमत झालेल्या कायद्याला गव्हर्नरनंतर गव्हर्नर जनरलचीही मान्यता लागे. १८३९ च्या डरहॅम अहवालानंतर कॅनडासारख्या गोऱ्या वसाहतींत कार्यकारी मंडळ लोकनियुक्त सभेला जबाबदार असावे हे तत्त्व रुजू लागले होते. हिंदुस्थानात मात्र त्याचा उच्चारही नव्हता. येथे कौन्सिल म्हणजे राज्यकर्त्यांनी सल्ला ऐकण्यासाठी भरवलेली बैठक होती.

या बैठकीत कोण बसतो, यालाही तितकेच महत्त्व होते. विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ साली मुंबईच्या कौन्सिलात आले. ते विद्वान, निर्भीड आणि कोकणच्या परिस्थितीचे जाणकार होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीचे नियमन करणारा १८८० चा कायदा कौन्सिलापुढे आला तेव्हा त्यांनी सरकारी मसुद्याला हिरिरीने विरोध केला आणि खोतांचे परंपरागत हक्क मांडले. सरकारला ठणकावून सांगणारा एतद्देशीय आवाज सभेत उमटला, ही गोष्ट मोठीच. पण शेतात राबणाऱ्या कुळाचा आवाज त्या सभेत कोठेच नव्हता. कुळाच्या बाजूने जे काही बोलायचे ते सरकारी अधिकारीच बोलत. कार्यकारी मंडळावर कौन्सिलाचा वचक असावा ही मागणी आणि कौन्सिलात सर्व थरांचे लोक असावेत ही मागणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे प्रथम दिसते. पुढे पन्नास वर्षांनी त्या एकत्र आल्या.

कौन्सिलाची वाढ आणि स्थानिक स्वराज्याची वाढ एकमेकींना धरून झाली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा आणि जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. पेण, रोहे, महाड, अलिबाग, उरण, पनवेल अशा गावांतील म्युनिसिपालिट्यांतून रस्ते, पाणी, शाळा आणि दवाखाने यांवर चर्चा करणारा एक वर्ग तयार झाला. १८९२ च्या कायद्याने याच संस्थांना कौन्सिलाचे दार किलकिले करून दिले. मुंबई कौन्सिलातील जादा सभासदांची मर्यादा वीसपर्यंत गेली. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे, विद्यापीठ आणि व्यापारी संस्था यांनी नावे सुचवायची आणि गव्हर्नरने ती नेमायची, अशी पद्धत पडली. कायद्यात निवडणूक हा शब्द नव्हता, व्यवहारात मात्र निवडणूकच होई. अंदाजपत्रकावर भाषण करता येऊ लागले, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येऊ लागला, पण उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारता येत नसे.

एवढ्या अरुंद जागेतही मोठे काम झाले. फिरोजशहा मेहता मुंबई म्युनिसिपालिटीतर्फे आले. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांतर्फे निवडून आले आणि १८९७ साली पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यामुळे त्यांची कारकीर्द संपली. १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आले. दुष्काळातील सारावसुली, प्लेगचा बंदोबस्त, जंगलखात्याचा जाच, आबकारीचे उत्पन्न हे विषय कौन्सिलाच्या छापील कार्यवृत्तात आले आणि वर्तमानपत्रांतून घरोघर गेले. सरकार बधत नव्हते, पण आपल्या प्रत्येक कृतीचे कारण चारचौघांत सांगणे त्याला भाग पडू लागले. कारभाराची उघड कारणमीमांसा मागण्याचा हक्क ही जबाबदार राज्यपद्धतीची पहिली पायरी होय.

ही पायरी किती अपुरी आहे हे १९०१ साली दिसले. त्या वर्षी सरकारने जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकता वा गहाण टाकता येणार नाही अशी अट घालण्याचा अधिकार सरकारला हवा होता. सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये हा हेतू सांगितला गेला. बिनसरकारी सभासदांचे म्हणणे असे की दुष्काळाने पिचलेल्या रयतेची पत यामुळे नाहीशी होईल आणि शेतकरी सरकारचे कूळ बनेल. मसुद्यावर लोकांची मते मागवावीत अशी सूचना मेहतांनी मांडली. सरकारी मतांच्या जोरावर ती फेटाळली गेली. तेव्हा मेहता सभागृहातून उठून गेले. त्यांच्यापाठोपाठ गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे हेही गेले, आणि उरलेल्या सभेने विधेयक संमत केले. त्या सभात्यागाने कायदा थांबला नाही. पण लोकांचे प्रतिनिधी नसतानाही कायदा होऊ शकतो हे त्याने सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले. बहुमत सरकारच्या खिशात असताना चर्चेला काय अर्थ उरतो, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी या प्रश्नाला अर्धे उत्तर दिले. मुंबई कौन्सिलातील जादा सभासदांची मर्यादा पन्नासपर्यंत वाढली आणि सरकारी सभासदांचे बहुमत संपले. प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला. सार्वजनिक हिताच्या बाबींवर आणि अंदाजपत्रकावर ठराव मांडून त्यावर मते घेता येऊ लागली. कार्यकारी मंडळातही एका हिंदी गृहस्थाला जागा मिळाली आणि महादेव भास्कर चौबळ यांच्यासारखे मराठी विधिज्ञ तेथे पोहोचले. त्याबरोबरच मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आले. त्यांचे परिणाम फार दूरवर गेले. मुख्य उणीव मात्र कायम होती. ठराव ही केवळ शिफारस होती. ती मानायची की नाही हे गव्हर्नर ठरवी. बिनसरकारी बहुमतात सरकारनियुक्त सभासदही मोजले जात, त्यामुळे ते बहुमत कागदावरचेच राही. कौन्सिल टीका करू शकत होते, पण टीका खरी ठरल्यास कारभार हाती घेण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. कार्यकारी मंडळ अचल आणि कायदेमंडळ बेजबाबदार, अशी ही जोडी होती.

ही जोडी कशी मोडावी याविषयी हिंदी पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. फेब्रुवारी १९१५ मध्ये मृत्यूपूर्वी गोखल्यांनी एक टिपण तयार केले. ते १९१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रांताच्या कार्यकारी मंडळात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद असावेत, कायदेमंडळ पाऊणशे ते शंभर सभासदांचे आणि चार-पंचमांश लोकनियुक्त असावे, आणि दोहोंचा संबंध जर्मनीतील बादशाही सरकार आणि तेथील राइशस्टाग यांच्यासारखा असावा, अशी योजना होती. याचा अर्थ असा की कायदेमंडळाने पैसा आणि कायदे यांवर ताबा ठेवावा, पण कार्यकारी मंडळाला पदच्युत करू नये. १९१६ च्या लखनौ करारातील काँग्रेस-लीग योजनाही याच वळणाची होती. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे ध्येय जाहीर केले आणि त्यानंतरच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड म्हणजे माँटफर्ड अहवालाने काँग्रेस-लीग योजना नाकारली. काढता न येणारे कार्यकारी मंडळ आणि त्याला अडवू शकणारे कायदेमंडळ यांची गाठ पडली की कारभार अडून बसतो, हा त्या अहवालाचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. त्यावर त्याने सुचवलेला उपाय मात्र नव्या अडचणी घेऊन आला.

हा उपाय म्हणजे १९१९ च्या कायद्यातील द्विदल राज्यपद्धती. कार्यकारी सत्तेचे दोन भाग केले गेले. राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. सोपीव खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. १९२१ च्या आरंभी मुंबईत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, चुनीलाल मेहता आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला हे पहिले तीन मंत्री झाले. कौन्सिल १११ सभासदांचे झाले. त्यांपैकी ८६ लोकनियुक्त होते आणि मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. गव्हर्नर अध्यक्षपदावरून बाजूला झाला आणि त्याच्या जागी नारायण गणेश चंदावरकर आले. अंदाजपत्रकातील बऱ्याच रकमांवर मत देता येऊ लागले. पण राखीव खात्याची नाकारलेली रक्कम ‘आवश्यक’ म्हणून परत घालण्याचा आणि राखीव विषयावरचे अडलेले विधेयक स्वतःच्या दाखल्याने कायदा म्हणून पुढे नेण्याचा अधिकार गव्हर्नरला होता.

या विभागणीचा अर्थ नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान असलेल्या निडीसारख्या गावी उभे राहून पाहिला की नीट कळतो. गावच्या शेताचा सारा बसवणारे महसूल खाते राखीव. सारा थकला तर जप्तीला येणारा मामलेदाराचा कारकून राखीव खात्याचा, आणि फौजदारही राखीव खात्याचा. मुलाची शाळा, लोकल बोर्डाचा रस्ता, दवाखाना आणि ताडी-दारूचा परवाना ही सोपीव खाती. डोंगरातले जंगल बहुतेक प्रांतांत राखीव, मुंबई इलाख्यात मात्र सोपीव. घरातल्या मिठावरचा कर तर ना गव्हर्नरचा ना मंत्र्याचा, तो थेट हिंदुस्थान सरकारचा, मीठ पेणच्या मिठागरात पिकले तरीही. गावकऱ्याच्या दृष्टीने सरकार एकच होते. गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे हे त्याला उमगणे अशक्य होते, आणि आपण निवडून दिलेल्या सभासदाला त्यातल्या किती गोष्टींबद्दल जाब विचारावा हेही. शिवाय मत देणारा गावकरी विरळाच. ग्रामीण भागात मताचा हक्क मुख्यतः साऱ्याच्या रकमेवर अवलंबून होता. खोताच्या जमिनीत अर्धेलीने राबणारे कूळ, मिठागरातला आगरी मजूर, डोंगरातला कातकरी हे मतदारयादीत बसत नव्हते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली, तेव्हा जंगल मंत्र्याच्या खात्यात होते आणि बंदूक राखीव खात्याच्या हातात.

मंत्र्यांची स्थितीही दुबळी होती. पैशाची किल्ली अर्थखात्याकडे आणि अर्थखाते राखीव. शिक्षण पसरवायचे तर पैसा हवा. १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, पण अंमल पैशावाचून रखडला. तिन्ही मंत्री मिळून एक मंत्रिमंडळ होत नसे. गव्हर्नर प्रत्येकाशी वेगळा व्यवहार करी, आणि सरकारी सभासदांच्या मतांवर त्यांचे आसन टिके. या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १९२४ च्या मुडीमन समितीत परांजपे अल्पमताच्या बाजूला होते. सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जीना यांच्याबरोबर त्यांनी नमूद केले की द्विदल पद्धती दुरुस्त होण्याजोगी नाही, ती काढूनच टाकली पाहिजे. स्वतः मंत्रिपद भोगलेल्या माणसाचे हे मत होते, म्हणून त्याला वजन आहे.

मध्य प्रांत व वऱ्हाडात या पद्धतीची दुसरी बाजू दिसली. नागपूरच्या कौन्सिलात, आत शिरून सरकारला अडवू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. १९२४ साली त्यांनी मंत्र्यांवर अविश्वास दाखवला आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. मंत्री गेले आणि सोपीव खाती गव्हर्नरने आपल्या हाती घेतली. कार्यकारी सत्ता पाडण्याचे बळ कौन्सिलाला होते, तिच्या जागी स्वतःची सत्ता बसवण्याचे नव्हते. पुढच्या वर्षी त्याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि जयकर, केळकर, मुंजे यांचा प्रतिसहकार पक्ष स्वराज्य पक्षापासून वेगळा झाला. आत जाऊन अडवावे की आत जाऊन राबवावे, हा वाद व्यक्तींचा नव्हता. अर्धवट सत्ता देणाऱ्या घटनेतून तो अटळपणे निघाला होता.

ठराव आणि अंमल यांतील अंतर सर्वांत ठळकपणे दिसले ते महाडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो संमत झाला. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना अंमलाच्या सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड म्युनिसिपालिटीने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला, पण तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी म्युनिसिपालिटी वा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही तिचे अनुदान बंद करावे. तरीही काही हलले नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्यावर जाऊन स्वतः पाणी घेतले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला, आणि पाण्याचा हक्क उच्च न्यायालयाच्या निकालाने १९३७ साली पक्का झाला. कौन्सिलाचा ठराव न्याय्य होता, पण अंमल करणाऱ्या सत्तेवर त्याची सक्ती नव्हती आणि स्थानिक संस्था ज्यांच्या हाती होत्या त्यांची इच्छा नव्हती. चौदा वर्षे हा न्याय कागदावर राहिला, त्याचे कारण हे.

या सुधारणांचा आढावा घेणाऱ्या सायमन कमिशनपुढे हे सारे अनुभव मांडले गेले. मुंबई कौन्सिलाच्या प्रांतिक समितीचे सभासद या नात्याने आंबेडकरांनी १७ मे १९२९ रोजी स्वतंत्र अहवाल दिला. द्विदल पद्धती संपवावी, सरकारनियुक्त सभासद काढून टाकावेत आणि सर्व प्रौढांना मताचा हक्क द्यावा, असे त्यांनी सांगितले. कार्यकारी मंडळ कायदेमंडळाला जबाबदार करायचे आणि कायदेमंडळ मूठभर सारा भरणाऱ्यांचे ठेवायचे, तर सत्ता एका वरिष्ठ वर्गाकडून दुसऱ्याकडे जाईल, हे त्यांनी स्पष्ट पाहिले होते. शेजारच्या सिलोनमध्ये १९३१ साली डोनमोर घटनेने प्रौढ मतदान दिले आणि मंत्रिमंडळाऐवजी सभासदांच्या समित्यांकडे खाती सोपवली. हिंदुस्थानात तेवढी हिंमत दाखवली गेली नाही. येथे प्रांतांत मंत्रिमंडळे आली, मतदारयादी वाढली, पण प्रौढ मतदान आले नाही.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांतील राखीव आणि सोपीव ही विभागणी रद्द केली. मुंबईत १७५ सभासदांची विधानसभा आणि तिच्या जोडीला वरिष्ठ सभागृह म्हणून लहान विधान परिषद आली. गव्हर्नरची ‘खास जबाबदारी’ आणि कलम ९३ खाली सारी सत्ता हाती घेण्याचा अधिकार उरला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. काही महिने धनजीशा कूपर यांचे अल्पमताचे मंत्रिमंडळ चालले, आणि गव्हर्नरच्या अधिकारांबाबत काही आश्वासने मिळाल्यावर जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. महसूल, पोलिस, अर्थ आणि शिक्षण ही खाती प्रथमच सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे एकत्र आली.

आता प्रश्न फिरून दुसऱ्या बाजूने उभा राहिला, आणि तोही कुलाब्यातूनच. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला होता. त्याचे पुढारी नारायण नागू पाटील आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर भागांतले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. साठ वर्षांपूर्वी ज्या सभेत कुळाची बाजू मांडणारा कोणी नव्हता, तेथे आता त्याचा प्रतिनिधी बसला होता आणि दाराशी तो स्वतः उभा होता. विधेयक मात्र संमत झाले नाही. कार्यकारी मंडळ आता सभागृहातील बहुमताचे होते, आणि बहुमताला नको असलेले विधेयक पुढे जात नाही हा जबाबदार राज्यपद्धतीचाच नियम आहे. तरी मागणीचा रेटा वाया गेला नाही. १९३९ च्या कुळ कायद्याने दीर्घकाळ कसणाऱ्या कुळाला संरक्षण देण्याची सुरुवात केली, आणि खोती १९४९ च्या कायद्याने गेली. सभागृह आणि रस्ता यांच्यात असे नाते जुळले तरच सभागृहाचा शब्द अमलात येतो, हा त्या वर्षांचा धडा आहे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कलम ९३ पुकारले गेले आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरने सल्लागारांच्या मदतीने कारभार केला. पाऊणशे वर्षांची मिळकत एका घोषणेने स्थगित होऊ शकली, कारण अंतिम सत्ता अजून लोकांची नव्हती.

या इतिहासाचा क्रम असा की प्रथम बोलण्याचा हक्क आला, मग विचारण्याचा, मग शिफारस करण्याचा, मग पैसा नाकारण्याचा आणि शेवटी मंत्री बदलण्याचा. प्रत्येक टप्प्यावर आधीचा हक्क अपुरा ठरल्यानेच पुढचा मिळवावा लागला. त्याच्या जोडीने मतदारांचे वर्तुळ रुंदावले, आणि ते रुंदावले नसते तर जबाबदार मंत्रिमंडळ जबाबदार राहिले असते ते थोड्यांनाच. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या दोन्ही धाग्यांची गाठ मारली. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. कलम १६४ ने राज्याचे मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार ठरवले, म्हणजे त्या मतांतून थेट निवडून येणाऱ्या सभागृहाला.